विधिपरंपरा, निसर्ग आणि मांडणशिल्प

चित्र भिंतीवर टांगले जाते, मूर्ती चौथऱ्यावर उभी केली जाते. मांडणशिल्पाचे तसे नसते. एखादी संपूर्ण जागाच तेथे कलाकृती होते आणि प्रेक्षक त्या जागेत शिरतो, तिच्यातून चालतो, तिचा वास घेतो. वस्तू कोणत्या आहेत याइतकेच त्या कशा मांडल्या आहेत, कोठून आणल्या आहेत आणि किती काळ राहणार आहेत, यालाही महत्त्व असते. पाश्चात्त्य कलाविश्वात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रकार स्थिरावला. भारतात त्याला खऱ्या अर्थाने गती मिळाली ती १९९० च्या दशकात.

हे वर्णन वाचताना भारतीय वाचकाच्या मनात साहजिकच एक विचार येतो, की असे काहीतरी आपल्याकडे पूर्वीपासून आहेच. सणासुदीला बांबू, माती, पाने, फुले, धान्य यांतून मोठमोठ्या रचना उभ्या राहतात, लोक त्यांच्याभोवती फेर धरतात आणि ठरलेल्या दिवशी त्या पाण्यात, अग्नीत किंवा मातीत विलीन केल्या जातात. या निरीक्षणात तथ्य आहे. मात्र त्यावरून ‘आपले पूर्वज मांडणशिल्पच करीत होते’ असा जो सोपा निष्कर्ष काढला जातो, तो तपासून घ्यावा लागतो. विधीतील रचना करणारा स्वतःला कलावंत म्हणवत नाही, तिच्यावर स्वतःचे नाव घालत नाही आणि पाहणाराही तेथे प्रेक्षक नसतो; तो सहभागी असतो. शिवाय विधीमध्ये साहित्याचा उगम आणि शेवट दोन्ही ठरलेले असतात. आजचा कलावंत विधीपासून प्रेरणा घेतो तेव्हा त्याने केवळ रूप उचलले की ही शिस्तही स्वीकारली, हा प्रश्न कलेइतकाच पर्यावरणाचा आणि कारागिरांच्या उपजीविकेचा आहे.

साहित्याची शिस्त

केरळमधील कळमेळुत्तु या विधीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भद्रकाली, नागदेवता किंवा अय्यप्पा यांची भव्य आकृती जमिनीवर चूर्णांनी रेखाटली जाते. चूर्णे पाच रंगांची असतात. पांढऱ्यासाठी तांदळाचे पीठ, काळ्यासाठी जाळलेल्या भाताच्या तुसाची पूड, पिवळ्यासाठी हळद, तांबड्यासाठी हळद आणि चुना यांचे मिश्रण, हिरव्यासाठी वाळवलेल्या पानांचा चुरा. कित्येक तासांच्या परिश्रमांनंतर पूर्ण झालेली ही आकृती विधीच्या अखेरीस पुसून टाकली जाते. पुसणे हा येथे नाश नसून विधीचाच भाग आहे. मुडियेट्टु या विधिनाट्याचा प्रारंभही भद्रकालीच्या अशाच ‘कळम’ने होतो. मुडियेट्टुचा समावेश युनेस्कोने २०१० मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला.

तेलंगणातील बतुकम्मा हा फुलांचा उत्सव भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस चालतो. तबकावर फुलांचे थर वर्तुळाकार रचत शंकूच्या आकाराचा मनोरा केला जातो आणि शिखरावर हळदीची गौरी बसवली जाते. त्यातील मुख्य फुले ‘गुनुगु’ आणि ‘तंगेडु’ ही आहेत. महाराष्ट्रातील वाचकांना त्यांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. कारण गुनुगु म्हणजे आपल्या शेताच्या बांधावरचा कुरडू आणि तंगेडु म्हणजे माळरानावरचा तरवड. पावसाळा संपताना ही रानफुले मुबलक असतात, ती विकत घ्यावी लागत नाहीत. स्त्रिया बतुकम्माभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी ती तलावात सोडली जाते. २०१४ मध्ये तेलंगण राज्याची निर्मिती झाल्यावर बतुकम्माला राज्य उत्सवाचा दर्जा देण्यात आला. हा उत्सव तलावावर अवलंबून असल्याने गावचा तलाव जिवंत असणे ही त्याची पूर्वअट ठरते, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

आसामात माघ बिहूच्या आदल्या रात्री, म्हणजे उरुकाला, सुगी आटोपलेल्या शेतात बांबू, गवत आणि भाताचा पेंढा यांची ‘भेलाघर’ नावाची तात्पुरती झोपडी बांधतात. तेथे सामुदायिक भोजन होते. शेजारी लाकूड-बांबूची उंच ‘मेजी’ रचलेली असते. पहाटे स्नान करून मेजी पेटवली जाते, भेलाघरही जाळले जाते आणि राख शेतात पसरली जाते. अलीकडच्या वर्षांत प्रसिद्ध वास्तूंच्या किंवा प्राण्यांच्या आकाराची भेलाघरे बांधण्याची चढाओढ दिसते. रूप बदलले, तरी साहित्य मात्र बहुतांशी तेच राहिले आहे.

गोव्यातील माटोळीकडे तर अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहायला हवे. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, चिबूड, तोरिंजन आणि अनेक रानफळे, कंद, पाने बांधली जातात. पावसाळ्यातील वनस्पतिसृष्टीचा हा जणू छतावर मांडलेला कोश असतो. कोणती वेल कोणत्या डोंगरउतारावर मिळते, हे ज्ञान त्यानिमित्ताने पिढीकडून पिढीकडे जाते. गोवा शासनाच्या कला व संस्कृती संचालनालयामार्फत माटोळी स्पर्धा भरवली जाते आणि तिच्यामुळे या परंपरेला निश्चितच प्रतिष्ठा मिळाली. स्पर्धेसाठी फळे, बिया आणि पाने यांतून देवदेवतांच्या चित्राकृती साकारणारे कल्पक लोक पुढे आले. परंतु अधिकाधिक दुर्मीळ वनस्पती आणण्याच्या ओढीने जंगलाची ओरबाड होऊ शकते, ही चिंताही याच संदर्भात व्यक्त झाली आहे. घरापुरती माटोळी आणि परीक्षकांसाठीची माटोळी यांत हाच फरक आहे. पहिलीत परसातले आणि जवळच्या रानातले जेवढे मिळेल तेवढे पुरते. दुसरीत संख्या मोजली जाते.

फैजपूर आणि शांतिनिकेतन

विधिपरंपरेतील साहित्य आणि रचनातत्त्वे आधुनिक, सार्वजनिक हेतूसाठी वापरण्याचा पहिला मोठा प्रयोग स्वातंत्र्य चळवळीने केला. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे, पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच्या सजावटीची जबाबदारी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे नंदलाल बोस यांच्यावर सोपवली होती. त्याआधी त्याच वर्षी लखनौ अधिवेशनातील प्रदर्शनाचे काम त्यांनी केले होते. गांधीजींची अपेक्षा स्पष्ट होती. खेड्यात जे मिळते त्यातून, खेड्यातील हातांकडून आणि कमीत कमी खर्चात सर्व उभे राहिले पाहिजे. बांबू, चटया, गवत, माती अशा साध्या वस्तूंचे सौंदर्य तेथे राष्ट्रीय व्यासपीठावर आले. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी केलेली ग्रामजीवनाची चित्रे पुढे विशेष गाजली. परंतु पूर्ण परिसराचीच रचना करण्याचा विचार समजून घ्यायचा, तर फैजपूर अधिक महत्त्वाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

शांतिनिकेतनात याला आणखी एक अंग होते. रवींद्रनाथांनी १९२८ मध्ये वृक्षारोपण आणि हलकर्षण, म्हणजे नांगरणीचा उत्सव, असे नवे ऋतुविधी सुरू केले. कोणत्याही एका पंथाशी न बांधलेले हे विधी होते. अल्पना, पुष्परचना, पालखीसारखी सजवलेली रोपाची डोली, गाणी आणि मिरवणूक यांतून ते साकारत. बंगालमधील स्त्रियांची व्रतांच्या वेळी काढली जाणारी अल्पना घराच्या अंगणातून विद्यापीठाच्या प्रांगणात आली ती याच काळात. म्हणजे विधी हा केवळ वारशाने मिळतो असे नाही. तो विचारपूर्वक घडवताही येतो, हे तेथे सिद्ध झाले. या संस्थेत शिकलेले के. जी. सुब्रमण्यन (१९२४-२०१६) पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापक झाले आणि कारागिरी व आधुनिक कला यांच्यातील भिंत पाडण्याचा विचार त्यांनी दोन पिढ्यांना दिला.

शेण, केस आणि कुंकू

सुब्रमण्यन यांच्या विद्यार्थ्यांपैकी शीला गौडा (जन्म १९५७, भद्रावती, कर्नाटक) या मूळच्या चित्रकार. १९९० च्या दशकाच्या आरंभी, देशातील जातीय दंगलींच्या पार्श्वभूमीवर त्यांना तैलरंग अपुरे वाटू लागले आणि त्या शेणाकडे वळल्या. शेण हे इंधन आहे, सारवणाचे साहित्य आहे, पंचगव्यातील एक पवित्र द्रव्य आहे. त्याच वेळी ते गोळा करणे, थापणे ही बहुतेक ठिकाणी बायकांची, त्यातही गरीब बायकांची मजुरी आहे. पावित्र्य आणि अवहेलना एकाच पदार्थात एकत्र नांदतात. गौडा यांच्या १९९८ मधील ‘अँड टेल हिम ऑफ माय पेन’ या कलाकृतीत शंभर मीटरहून लांब दोरे सुयांमधून ओवून, कुंकू आणि डिंकाने माखून त्यांचे जाड दोर केलेले आहेत. दालनात ते भिंतीवरून जमिनीवर वळणे घेत पसरतात आणि टोकाला सुयांचा झुबका लोंबतो. सौभाग्यचिन्ह, शिवणकाम आणि जखम या तिन्हींचे सूचन एका दोरातून होते.

२००९ च्या व्हेनिस बिनालेमध्ये त्यांनी मांडलेली ‘बिहोल्ड’ ही कलाकृती टाकाऊ साहित्याच्या दृष्टीने आणखी महत्त्वाची आहे. देवस्थानात नवस फेडण्यासाठी भाविक केस अर्पण करतात. त्यांतील लांब केसांना विगच्या बाजारात मोठी किंमत मिळते. उरलेल्या आखूड केसांच्या दोऱ्या वळल्या जातात आणि दक्षिणेत त्या दृष्ट लागू नये म्हणून वाहनांना बांधल्या जातात. गौडा यांनी अशी सुमारे चार हजार मीटर दोरी घेऊन तिच्या आधारे मोटारींचे सुमारे वीस पोलादी बंपर टांगले. भक्ताचे अर्पण, व्यापारातील उरलेला माल, रस्त्यावरची भीती आणि पोलाद एकत्र आणण्यासाठी त्यांना कोणतीही नवी वस्तू घडवावी लागली नाही.

सुबोध गुप्ता (जन्म १९६४, खगौल, बिहार) यांनी १९९७ मध्ये मोदीनगर येथे भरलेल्या ‘खोज’ या कलावंतांच्या पहिल्या कार्यशाळेत गोवऱ्या रचून माणसाला आत जाता येईल अशी गोलाकार झोपडी उभारली. तिचे नाव ‘माय मदर अँड मी’. आत जमिनीवर राख पसरली होती. ग्रामीण बिहारमधील गोवऱ्यांच्या उतरंडी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तिचे रूप परके वाटणार नाही. पुढे स्टीलच्या भांड्यांच्या महाकाय रचनांमुळे गुप्ता जगप्रसिद्ध झाले, पण त्यांच्या कामाचे मूळ या झोपडीत शोधावे लागते.

येथे एक मूलभूत पेच लक्षात येतो. विधीला टाकाऊ वस्तू सहसा चालत नाही. फुटके मडके, भंगलेली मूर्ती, उष्टे पान यांना पूजास्थानी प्रवेश नाही. वाहिलेल्या फुलांनाही आपण कचरा म्हणत नाही, निर्माल्य म्हणतो आणि त्याची वेगळी व्यवस्था लावतो. त्यामुळे जेव्हा एखादा कलावंत विधीसारख्या रचनेत भंगार आणतो, तेव्हा तो एक नियम मोडत असतो. आणि वस्तूंच्या शुद्धाशुद्धतेचा नियम माणसांवरही लादला गेला आहे, हे आपल्या समाजाचे वास्तव आहे. मेलेली जनावरे, मैला, केस, भंगार यांना हात लावणारे हात कोणाचे असावेत, हे शतकानुशतके जातीने ठरवले. म्हणूनच शेण किंवा केस कलादालनात ठेवणे हा निव्वळ चमत्कृतीचा भाग राहत नाही. विशेष म्हणजे परंपरेतही या नियमाला छेद देणाऱ्या जागा आहेत. बंगालमध्ये दुर्गामूर्तीसाठी लागणाऱ्या मातीत वेश्यावस्तीच्या उंबऱ्याबाहेरची माती मिसळण्याची प्रथा आहे आणि तिला पुण्यमाती म्हटले जाते. समाजाने ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्या दारातून माती आणल्याशिवाय देवी पूर्ण होत नाही. ही प्रथा त्या स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या जीवनात काही बदल घडवते का, हा प्रश्न मात्र तिने सुटत नाही.

टाकाऊ वस्तूंतून उभ्या राहिलेल्या देवराज्याचे उदाहरण म्हणून चंदीगडच्या रॉक गार्डनचा उल्लेख अपरिहार्य आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक असलेले नेकचंद (१९२४-२०१५) यांनी १९५७ पासून, बांधकामास मनाई असलेल्या राखीव वनपट्ट्यात, कोणालाही न सांगता हे काम सुरू केले. नवे शहर वसवण्यासाठी जी गावे पाडली गेली त्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, चिनीमातीचे तुकडे, दगडगोटे यांतून त्यांनी देवदेवता, माणसे आणि पशुपक्षी यांचे एक राज्य वसवले. प्रशासनाच्या दृष्टीने ते अतिक्रमण होते. तरीही ते पाडले गेले नाही. १९७६ मध्ये ते जनतेला खुले झाले आणि १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री मिळाली. आराखड्यानुसार वसवलेल्या शहराच्या कडेला, त्याच शहराने मोडलेल्या घरांच्या तुकड्यांतून उभे राहिलेले हे दुसरे शहर आहे.

घडवण्याची रीत

शाळा-महाविद्यालयांतून हल्ली ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली पुष्कळ काही केले जाते आणि त्यात बहुधा प्लास्टिकच्या बाटल्यांना चकचकीत रंग फासून त्यांचा पुनर्वापर अधिकच अशक्य केला जातो. विधिपरंपरेतील कारागिरांची रीत याहून वेगळी आहे. ती साहित्याच्या स्वभावापासून सुरू होते.

बांबूचेच पाहा. त्यातील पिष्टमय द्रव्यावर भुंगेरे जगतात. म्हणून हे द्रव्य कमी असते अशा काळात, पावसाळ्यानंतर थंडीत, पक्व बांबू तोडतात आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात. तात्पुरत्या रचनेसाठी एवढे करण्याची गरज नसते, पण काड्या चिरताना आणि वाकवताना बांबू ओलसर असावा लागतो. सांधे काथ्याने किंवा सुतळीने बांधले, तर रचना वाऱ्यात थोडी हलते, पण मोडत नाही आणि उतरवल्यावर बांबू पुन्हा वापरता येतो. खिळे मारले की तो चिरतो. गुवाहाटी येथे २०१७ मध्ये नुरुद्दीन अहमद या कलावंताच्या नेतृत्वाखाली बांबूची सुमारे शंभर फूट उंचीची दुर्गा उभारण्यात आली. काम सुरू असताना ती वादळात कोसळली आणि कारागिरांनी उत्सवापूर्वी ती पुन्हा उभी केली. दुसऱ्या कोणत्या साहित्यात हे साधले असते, असे वाटत नाही. या संदर्भात धोरणात्मक बदलही ध्यानात ठेवावा. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये दुरुस्ती करून ‘वृक्ष’ या संज्ञेतून बांबू वगळण्यात आला. परिणामी वनक्षेत्राबाहेर वाढवलेल्या बांबूच्या तोडीवरील व वाहतुकीवरील निर्बंध दूर झाले.

मातीकामातही हाच न्याय आहे. कोलकात्याच्या कुमारटुलीत प्रथम बांबूच्या चौकटीवर पेंढा सुतळीने आवळून देहाचा आकार दिला जातो. त्यावर भाताचा तूस मिसळलेल्या चिकट मातीचा जाड थर येतो. तूस नसेल तर वाळताना माती आकसून तडे जातात. नंतर बारीक मातीचा थर, भेगांवर पातळ चिखलात बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या, मग खडूसारखा पांढरा लेप आणि शेवटी रंग. मूर्तीचे दागिने पूर्वी शोल्याचे असत. पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीचा हा पांढराशुभ्र गाभा म्हणजे आपल्याकडे बाशिंगासाठी वापरले जाणारे भेंड. थर्मोकोल स्वस्तात मिळू लागल्यावर भेंडाचे काम करणाऱ्या मालाकार कुटुंबांचा व्यवसाय आक्रसला. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरल्या जाणाऱ्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सजावटीचा थर्मोकोल स्पष्टपणे अंतर्भूत आहे. मात्र बंदी आली तरी भेंडाचा पुरवठा आपोआप वाढत नाही. त्यासाठी पाणथळ जागा शिल्लक असाव्या लागतात.

कोलकात्याचा मंडप

विधी, टाकाऊ साहित्य आणि समकालीन मांडणशिल्प या तिन्हींचा सर्वांत मोठ्या प्रमाणावर संगम कोठे होत असेल, तर तो कोलकात्याच्या सार्वजनिक दुर्गापूजेत. एका रंगकंपनीने १९८५ मध्ये उत्कृष्ट पूजेसाठी ‘शारद सन्मान’ सुरू केला आणि मंडपांमधील स्पर्धेला वेगळे वळण लागले. शतकाच्या आरंभापासून ‘थीम पूजा’ रूढ झाली, म्हणजे एका कल्पनेभोवती मंडप, मूर्ती, प्रकाश आणि ध्वनी यांची एकत्रित रचना. बोसपुकुर शीतला मंदिराच्या पूजेत बंधन राहा यांनी चहाच्या मातीच्या कुल्हडांनी, ज्यांना बंगालीत ‘भांड’ म्हणतात, संपूर्ण मंडप मढवला, तेव्हा तो पाहण्यासाठी लोटलेली गर्दी या बदलाची खूण ठरली. एकदा चहा पिऊन रस्त्यावर फेकून देण्याची ती वस्तू. त्यानंतर बाटल्या, सायकलींचे भाग, पत्रे, सुपे, टोपल्या असे कितीतरी साहित्य मंडपांत आले. भवतोष सुतार, सुशांत पाल, सनातन दिंडा यांसारख्या कलाशिक्षण घेतलेल्या कलावंतांनी मंडप हे आपले माध्यम मानले. कलादालनात पाऊल न टाकणारे लाखो लोक पाच दिवस रांगा लावून मांडणशिल्प पाहतात, ही घटना जगात अन्यत्र क्वचितच घडत असेल.

२०२० मध्ये करोनाच्या सावटाखाली झालेल्या पूजेत बेहाला भागातील बरीशा क्लबने स्थलांतरित मजूर स्त्रीच्या रूपात दुर्गा साकारली. रिंटू दास यांची संकल्पना आणि पल्लब भौमिक यांचे शिल्प. कडेवर उघडे मूल घेतलेली ती आई टाळेबंदीत पायी गावाकडे निघालेल्या हजारो स्त्रियांपैकी एक होती. चित्रकार बिकाश भट्टाचार्य यांच्या दुर्गाचित्रांची प्रेरणा तिच्यामागे होती. अनेकांना ती त्या वर्षातील सर्वांत अर्थपूर्ण सार्वजनिक कलाकृती वाटली. देवीच्या जागी मजूर आणणे धर्माला धरून आहे का, असाही प्रश्न काहींनी विचारला. विधीचा आधार घेणाऱ्या कलेला हा ताण टाळता येत नाही, टाळूही नये.

कलेतिहासकार तपती गुहा-ठाकुरता यांनी या विषयाचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि युनेस्कोकडे पाठवण्याच्या प्रस्तावाचे कामही त्यांच्याकडे होते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘कोलकात्यातील दुर्गापूजा’ प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाली. ज्या २००३ च्या युनेस्को करारानुसार ही यादी तयार होते, त्याला भारताने २००५ मध्ये अनुसमर्थन दिले आहे. या करारात वारसा म्हणजे वस्तू नव्हे, तर प्रथा, ज्ञान आणि कौशल्य. दरवर्षी विसर्जित होणारी मूर्ती वारसा कशी ठरते, असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी त्याचे उत्तर याच व्याख्येत आहे.

आर्थिक बाजूही मोठी आहे. ब्रिटिश कौन्सिलच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१९ च्या दुर्गापूजेशी निगडित सर्जनशील उद्योगांची उलाढाल ३२,३७७ कोटी रुपये, म्हणजे पश्चिम बंगालच्या राज्य उत्पन्नाच्या २.५८ टक्के होती. या आकड्यामागे दिवे लावणारे, बांबू बांधणारे, माती तुडवणारे, पोशाख शिवणारे असंख्य हात आहेत. मंडपाच्या दारावर संकल्पनाकाराचे नाव ठळक असते. जिल्ह्या-जिल्ह्यांतून हंगामापुरते आलेल्या या कारागिरांची नावे मात्र क्वचितच दिसतात. विधीमध्ये कोणाचेच नाव नसे, त्यामुळे अन्यायही दिसत नसे; कलेत एकाचे नाव आले की इतरांची अनुपस्थिती खुपू लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत कुंभार, मूर्तिकार, टोपल्या-चटया विणणारे आणि मालाकार यांचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी साहाय्य आणि सवलतीचे कर्ज तिच्याद्वारे मिळू शकते. हंगामी करारात योग्य मजुरी आणि श्रेय मिळवून देणे हे मात्र पूजा मंडळांच्याच हाती आहे.

विसर्जनानंतर

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये मूलभूत कर्तव्ये सांगताना खंड (च) मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करण्याचे आणि खंड (छ) मध्ये वने, सरोवरे, नद्या व वन्यजीव यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करण्याचे कर्तव्य नमूद आहे. उत्सवाच्या वेळी ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांसमोर उभी ठाकलेली दिसतात. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहजी विरघळत नाही. काही रंगांतील शिसे आणि इतर जड धातू तळाच्या गाळात साचतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाबाबत २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि मे २०२० मध्ये त्यांत सुधारणा केली. प्लास्टर, प्लास्टिक व थर्मोकोल टाळणे, नैसर्गिक माती आणि विषारी नसलेले रंग वापरणे, विसर्जनापूर्वी फुले, वस्त्रे, अलंकार वेगळे काढणे आणि तात्पुरती कुंडे उभारणे हा त्यांचा गाभा आहे. बारकाईने पाहता यातील बहुतेक अटी नव्या नाहीत. भाताचा तूस, पेंढा आणि नदीची माती वापरणाऱ्या कारागिराने त्या कधीच पाळल्या होत्या. मूर्तींची उंची, संख्या आणि चकाकी वाढली तेव्हा त्या लिहून काढण्याची वेळ आली.

कोलकात्यात दशमीच्या रात्री हुगळीच्या घाटांवर महापालिकेच्या क्रेन उभ्या असतात. मूर्ती पाण्यात पडताच तिचा सांगाडा बाहेर ओढून घेतला जातो. माती नदीत जाते. पेंढा आणि बांबूचे ‘काठामो’ काठावर येतात. पूर्वीपासून घाटावरची मुलेही पोहत जाऊन हे सांगाडे काढत आणि कुमारटुलीत विकत. पुढील वर्षी त्यावर पुन्हा माती चढते. मंडपांचे भागही वाया जात नाहीत. थीम पूजेचे मोठमोठे मंडप उतरवून त्यांचे तुकडे कालीपूजेसाठी किंवा चंदननगरच्या जगद्धात्री पूजेसाठी विकले जातात आणि महिनाभरात दुसऱ्या गावात, थोड्या वेगळ्या मांडणीत, पुन्हा उभे राहतात. मूळ संकल्पनाकाराला त्या दुसऱ्या मांडणीत काही सांगण्याचा अधिकार असतो का आणि विक्रीतून आलेली रक्कम कारागिरांपर्यंत पोहोचते का, याविषयी मंडळागणिक वेगवेगळा व्यवहार आहे.